'तुमची पुरस्कारासाठी निवड झाली आहे' असा फोन आलाय. ३५ हजार भरू का १४ पानी फॉर्म भरू?

पॅटर्नवाला_उद्यमबाग

मंडळी, नमस्कार. मी इथं वाचतो जास्त, लिहितो कमी. पण दोन दिवस घरात ह्याच विषयावरून वाद चाललाय, तेव्हा म्हटलं चार जाणत्यांना विचारावं.

आमचं बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्न शॉप आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो आकार उमटवायचा, त्याचा लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा नमुना म्हणजे पॅटर्न. कास्टिंगच्या आतली पोकळी राखायला वाळूचा गाभा लागतो, तो कोअर. तो ज्यात भरून काढतात तो कोअर बॉक्स. हे दोन्ही आम्ही करतो. वडील मिस्त्री होते, सागवान तासून पॅटर्न करायचे. १९८७ साली भाड्याच्या शेडात स्वतःचं सुरू केलं. आता अकरा माणसं आहेत आणि एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन, त्यातली निम्मी अजून बँकेची. गिऱ्हाईक म्हणजे इथल्या फौंड्र्या, थोडं शिरोलीचं, थोडं हुबळीचं. आमचं नाव माहीत असलेली माणसं फार तर दीडशे, त्यातल्या निम्म्यांना मी अजून 'मिस्त्रींचा मुलगा'.

गेल्या आठवड्यात दिल्लीहून फोन आला. बाई फार गोड बोलत होत्या. 'देशातील सर्वांत विश्वासार्ह पॅटर्न उत्पादक' म्हणून आमची निवड झाली म्हणे. मी विचारलं, कुणी केली? तर म्हणाल्या, आमच्या रिसर्च टीमनं. मग हळूहळू पोटातलं ओठावर आलं. मोठ्या हॉटेलात कार्यक्रम, एका नटीच्या हस्ते ट्रॉफी, फोटो, व्हिडिओ आणि त्यांच्या मासिकात एक पान. पस्तीस हजार अधिक जीएसटी. जाण्यायेण्याचं आपलं आपण. विचार करतो म्हटलं, तर उद्या संध्याकाळपर्यंतच जागा धरून ठेवते म्हणाल्या. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं वाटलं.

मुलगा एमबीए करतोय. त्याचं म्हणणं, बाबा, जाहिरातीला पस्तीस हजार तसेही जातात, इथं निदान फोटो मिळतील. बायको म्हणते, त्या पैशात शेडवरचे पत्रे बदला, पावसात व्हीएमसीवर थेंब पडतात. शेजारच्या सौकारांच्या ऑफिसात अशा चार ट्रॉफ्या आहेत. त्यांचं काम वाढलं हे खरं, पण ट्रॉफीमुळं वाढलं का नवीन मशीन टाकल्यामुळं, हे त्यांनाही सांगता येत नाही.

दुसरीकडं आमच्या धंद्यातल्या एका संघटनेचा पुरस्कार आहे. फी नाही. सूक्ष्म उद्योगांसाठी वेगळा गट आहे, 'प्रक्रियेतील सुधारणा' असं नाव. पण फॉर्म चौदा पानी आणि सगळा इंग्रजीत. पुढच्या महिनाअखेरपर्यंत द्यायचा. उघडला, दोन पानं वाचली, बंद केला. 'तुमच्या यशाचे वर्णन करा' म्हणे. आमचं यश म्हणजे काय ओ, वेळेवर पॅटर्न देणे.

एक गोष्ट मात्र आहे. एका पंपाच्या केसिंगमध्ये फौंड्रीचं रिजेक्शन नऊ टक्के होतं. कोअर हलायचा, भिंत एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ यायची. पॅटर्न दुसऱ्याचा होता, आमच्याकडं दुरुस्तीला आला. आम्ही कोअर प्रिंट, म्हणजे कोअरचं टोक वाळूत जिथं टेकतं ती बैठक, बारा मिलिमीटरनं लांब केली, कोअर बॉक्सला हवा जायला वाट दिली. रिजेक्शन साडेतीनवर आलं. एवढ्यावर चौदा पानं भरतील का? आणि समजा भरली, तर त्यातून नाव कसं होतं? पुरस्कार मिळाला नाही तर सगळी मेहनत पाण्यात ना?

*

निवृत्त_क्वालिटीवाला (अनगोळ)

पस्तीस हजार भरू नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच पुरे.

वेळ असेल तर बसा. मी एकतीस वर्षं कास्टिंग विकत घेणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होतो आणि त्यातली शेवटची काही पुरस्कारांचे अर्ज भरण्यातच गेली. आमच्या साहेबांना डेमिंगचं वेड लागलं होतं. गुणवत्तेसाठीचा जपानचा हा पुरस्कार १९५१ पासूनचा. १९९८ साली तो सुंदरम-क्लेटनला मिळाला, भारतातली ती पहिली कंपनी, आणि मग गाडीचे पार्ट करणाऱ्या प्रत्येकाला वाटायला लागलं की आता आपणच. आम्हाला काही मिळाला नाही. पण अर्ज भरताना एक भानगड बाहेर आली. आमचं एक शॉप रिजेक्शन वजनावर मोजायचं आणि दुसरं नगावर! सात वर्षं दोन्ही आकडे एकाच तक्त्यात बसत होते आणि आम्ही त्यांची बेरीज करत होतो. फॉर्ममध्ये 'कसे मोजता' असा एक साधा प्रश्न होता, त्यानं ते उघडं पडलं. त्या वर्षी पुरस्कार नाही, पण एका गिऱ्हाइकाच्या ऑडिटमध्ये ह्याच कागदांवर आम्ही तरलो.

तेव्हा तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. मेहनत पाण्यात जात नाही. तुम्ही काय करता हे तुम्ही आजवर कागदावर लिहिलेलंच नाही, हे तुमच्या पोस्टमधूनच दिसतंय. 'आमचं यश म्हणजे वेळेवर पॅटर्न देणे' म्हणता आणि चार ओळी खाली नऊचे साडेतीन टक्के केल्याचं सांगता. तेही जाता जाता! फॉर्म तुम्हाला ते नीट सांगायला भाग पाडतो.

फॉर्ममध्ये परीक्षक काय बघतात? अमेरिकेत १९८७ साली सुरू झालेला बाल्ड्रिज पुरस्कार घ्या. आमच्या वेळी त्यात एकूण १००० गुण असत, त्यातले ४५० निव्वळ निकालांना. नेतृत्व, धोरण, माणसं ह्या सगळ्या गप्पा उरलेल्या साडेपाचशेत. आपल्याकडचे बरेच औद्योगिक पुरस्कार कमीअधिक त्याच धाटणीवर चालतात. म्हणजे आकडा पाहिजे, आणि आकड्याला बूड पाहिजे. तुमचे नऊ टक्के किती नगांवर? किती महिन्यांचे? साडेतीनवर आल्यावर तो तिथं टिकला का पुन्हा चढला? मोजलं कुणी, तुम्ही का फौंड्रीनं? मला हे चार प्रश्न वाचता वाचता पडले. परीक्षकाला पडणारच. फौंड्रीकडून रिजेक्शन रजिस्टरच्या त्या महिन्यांच्या पानांचे फोटो मागा. आणि आधी काय करून बघितलं आणि ते का फसलं, तेही लिहा. फसलेलं लिहिणारा माणूस परीक्षकाला खरा वाटतो, हे मी टेबलाच्या पलीकडं बसून सांगतोय. दोन वर्षं एका छोट्या पुरस्काराचा परीक्षक होतो.

आता एक सावधगिरी. पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचा, ड्रॉइंग त्यांच्या कंपनीचं. त्यांना न विचारता पार्टचा फोटो किंवा नाव अर्जात टाकलंत तर पुरस्कार मिळेल आणि गिऱ्हाईक जाईल. लेखी परवानगी घ्या, साधी मेल पुरते. बहुतेक जण 'नाव नको, आकडे चालतील' म्हणतात.

आणि नाव कसं होतं, तर असं. परीक्षकांत कोण असतं? कुणी फौंड्रीचा मालक, कुणी मोठ्या कंपनीचा खरेदीप्रमुख. त्यांना तुमची चौदा पानं वाचावीच लागतात. एरवी ह्याच माणसाच्या गेटवर व्हिजिटिंग कार्ड आत पाठवून तुम्ही तासभर बाकड्यावर बसता आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' ऐकून परत येता. अर्ज हा न बोलावता आत जायचा रस्ता आहे. मी परीक्षक असताना जिंकला नव्हता अशा एका टूलरूमचा नंबर मी आमच्या पर्चेसला दिला होता.

पुरस्कार खरा का खोटा ओळखायला मी तीन गोष्टी बघतो. मागच्या तीन वर्षांचे विजेते आणि परीक्षक नावानिशी कुठं छापलेत का. गट किती; शंभर गट असतील तर तो बाजार आहे, तिथं प्रत्येक दुकानाला एक 'सर्वोत्तम' मिळतो. आणि पैसे कधी मागतात. अर्जाबरोबर हजार-दोन हजार छाननी फी घेणारे चांगले पुरस्कारही आहेत, त्यात गैर नाही. पण निवड झाल्यावर जो पैसे मागतो तो पुरस्कार देत नाही, विकतो. तुम्ही अर्जच केला नव्हता आणि निवड झाली, हे तर फारच झालं.

इंग्रजीचं घाबरू नका. आधी मराठीत लिहा, नव्या पोराला काम समजावून सांगताय असं. मग मुलाला बसवा भाषांतराला. एमबीएचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

*

वडगावचा_बाब्या

मला पण आला होता की ओ तो फोन! 'देशातील सर्वोत्कृष्ट दंतचिकित्सक'. माझं साडीचं दुकान आहे. बाईंना म्हटलं, दात नाही, पदर बघतो आम्ही. तरी म्हणाल्या, सर चालेल, कॅटेगरी बदलून देते.

*

निपाणीचा_बातमीदार

वरच्या काकांनी अर्जाचं सांगितलं, मी बातमीचं सांगतो. बावीस वर्षं तालुक्याची बातमीदारी केली, शाल-श्रीफळाचे फोटो किती पाहिले त्याचा हिशेब नाही. आमच्याकडं रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर दहा-बारा येतात. एक माणूस शाल घेतोय, दुसरा देतोय, मागं फ्लेक्स, कडेला अर्धा कापलेला तिसरा. खाली 'यांना पुरस्कार मिळाल्याबद्दल सर्व थरांतून अभिनंदन होत आहे'. सर्व थर म्हणजे कोण, हे मला अजून भेटलं नाही. ह्या बातम्या लागतात, नाही असं नाही, पण कुणी वाचत नाही. ज्याचा फोटो तो सोडून.

तुमची बातमी पुरस्काराची नाहीच. मिस्त्रीच्या रंध्यापासून व्हीएमसीपर्यंत आलेलं एक बेळगावचं शेड, आणि बारा मिलिमीटरमुळं वाचलेलं लोखंड, ही बातमी आहे. पुरस्कार तिला फक्त निमित्त देतो. आम्हाला निमित्त लागतं, कारण 'हा माणूस गेली अडतीस वर्षं चांगलं काम करतोय' ही आजची बातमी होत नाही. अंतिम यादीत आलात तर छोटी बातमी होते, जिंकलात तर मोठी, आणि नुसता अर्ज केलात तर होत नाही. तेव्हा अर्ज केल्या केल्या आम्हाला फोन करू नका.

लिहून पाठवायचं तर पहिल्या दोन वाक्यांत कोण, कुठलं, काय केलं. संघटनेचं पूर्ण नाव चौथ्या ओळीत आलं तरी चालतं. पाठवताना पीडीएफ नको. मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून द्या, जुन्या श्रीलिपीत दिलात तर आमच्याकडं उघडल्यावर चिनी दिसतं. फोटो आडवा, कामाचा: हात, लाकूड, रंधा, मशीन. ट्रॉफी हातात नको. दुपारी चारच्या आत पाठवा आणि एकदाच फोन करा.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे एक बातमी तीनदा लिहायची. मराठी, कन्नड, इंग्रजी. नुसतं भाषांतर नव्हे. मराठी पेपराच्या वाचकाला तुमचे वडील आणि उद्यमबाग ओळखीची, तिथून सुरू करा. कन्नड पेपराला जिल्ह्याचा उद्योग, रोजगार, अकरा माणसं. इंग्रजी आवृत्तीला ते बारा मिलिमीटर. बरेच जण फक्त मराठीत पाठवतात आणि मग म्हणतात आपल्याला कुणी विचारत नाही. अहो, तुमची निम्मी गिऱ्हाइकं कन्नड पेपर वाचतात की! आणि कन्नड मजकूर कन्नड लिहिणाऱ्याकडूनच लिहून घ्या. गूगलवर केलेला आम्हाला लगेच कळतो.

वेळही बघा. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की पानं आंदोलनांनी भरलेली असतात, तुमच्या पॅटर्नला तीन ओळी मिळायच्या नाहीत. १ नोव्हेंबर (काळा दिन) आणि १७ जानेवारी (हुतात्मा दिन), सीमाप्रश्नाच्या ह्या दोन दिवसांच्या आगेमागे तर विचारूच नका. गणपतीतही नको. मे-जूनमध्ये, शाळांचे निकाल संपले की जागा असते.

जाता जाता. नाव होण्याचं काम आपल्या भागात नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान बेळगावातच होतं, १८८८ सालचं. पुढं किर्लोस्करवाडीला गेल्यावर कारखान्याची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून त्यांच्याकडून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं आणि ते पुढं मराठीतलं गाजलेलं मासिक झालं. नांगराच्या कारखान्यानं स्वतःची गोष्ट स्वतः लिहिली. तुम्ही चौदा पानांना घाबरताय.

*

टिळकवाडी_सीए_बाई

पैशाचं आणि कायद्याचं थोडं.

असा पुरस्कार घ्यायचाच असला, तरी आधी आयोजकाचा जीएसटी नंबर मागा. पोर्टलवर टाकला की नाव, पत्ता आणि रिटर्न भरलेत का ते दिसतं. १८ टक्के घेणार आणि बिल देणार नाही असले महाभाग मी पाहिलेत. रीतसर बिल असेल तर खर्च जाहिरातीत दाखवता येतो. म्हणजे तुमच्या वहीत तो 'पुरस्कार' नाहीच, जाहिरात आहे. मी पक्षकारांना हेच विचारते: वहीत ज्याला जाहिरात म्हणताय त्याला भिंतीवर पुरस्कार का म्हणता? चांगल्या पुरस्काराबरोबर रोख रक्कम आली, तर ती सरकारी किंवा सरकारमान्य पुरस्काराची असल्याशिवाय करातून सुटेल असं धरू नका. वहीत घेतानाच तुमच्या सीएला विचारा.

दुसरं. पुरस्काराचा शिक्का लेटरहेडवर, बोर्डावर छापणार असाल तर कुणी दिला, कोणत्या वर्षी, कोणत्या गटात, हे सोबत छापा. जाहिरातींचं बघणाऱ्या एएससीआयची ह्यावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि पुरस्कार देणारी संस्था स्वतंत्र, विश्वासार्ह असावी अशी त्यांची अपेक्षा असते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास. विकत घेतलेलं 'देशात पहिला' त्यात बसू शकतं. उद्यमबागेतल्या शेडावर कुणी धाड घालेल असं नाही म्हणत मी, पण तुमचा प्रतिस्पर्धी तक्रार करू शकतो, आणि आपल्याकडं प्रतिस्पर्धी भाऊबंदच असतात.

इथं वाचणारे डॉक्टर, वकील आणि माझे व्यवसायबंधू ह्यांच्यासाठी: आपल्याला तर जास्तच जपून. वकिलांना बार कौन्सिलचा नियम ३६, डॉक्टरांना २००२ ची आचारसंहिता, आम्हाला १९४९ चा सीए कायदा, तिघांनाही काम मिळवण्यासाठी जाहिरात करायला मनाई किंवा कडक मर्यादा. पुरस्कार मिळणं हा गुन्हा नाही. पण त्याचा फ्लेक्स करून चौकात लावला तर तो सत्कार राहत नाही. गोवावेसला एका डॉक्टरांचा वाढदिवस-अधिक-पुरस्कार असा फ्लेक्स होता, मित्रमंडळाच्या नावानं. मित्रांनी लावला म्हणून सुटका होईलच असं नाही.

आणि नावामागं उपाधी लावायची हौस असेल त्यांनी हे लक्षात ठेवावं: पद्म पुरस्कारसुद्धा नावाआधी किंवा नावापुढं लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच सांगितलंय. मग कुठल्याशा विद्यापीठाची मानद डॉक्टरेट लावून फिरणाऱ्यांना काय म्हणावं! (पद्मसाठी मात्र कुणीही ऑनलाईन शिफारस करू शकतो, स्वतःचीसुद्धा, आणि एक पैसा लागत नाही. खऱ्या पुरस्काराचा दरवाजा बहुधा असाच असतो.)

पॅटर्नवाले, तुमच्या फॉर्ममध्ये उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मागितली असेल. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा बदलल्यात: मशिनरीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटींच्या आत असेल तर सूक्ष्म. व्हीएमसी घेतली म्हणून तुम्ही लघुमध्ये गेलात असं समजू नका. गट चुकला तर मोठ्या माशांत पडाल. आणि हेच कागद जमवताय तर सरकारच्या झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) ह्या गुणवत्तेच्या प्रमाणपत्राचंही बघा. सूक्ष्म उद्योगाला फीत ८० टक्के सवलत आहे.

*

पॅटर्नवाला_उद्यमबाग

सगळ्यांचे आभार. बाईंना नाही म्हणून कळवलं. मग वीस हजारात देते म्हणाल्या. मग बारा.

एक शंका. कोल्हापूर-पुण्याकडचे दोन चांगले पुरस्कार बघितले, तर महाराष्ट्रात नोंदणी पाहिजे. आमच्या उद्यम नंबरात केआर, म्हणजे कर्नाटक. आणि इकडच्या राज्याच्या फॉर्मवर काही रकाने कन्नडमध्येच भरायचे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी आपली गत. ह्यावर कुणी मार्ग काढलाय का?

*

अथणीची_सून

दादा, मार्ग म्हणजे, जिथं राज्य विचारत नाहीत तिथं जायचं. आमचं घर चपलांचं, तीन पिढ्या. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार आले. आपला बेळगाव त्यातला एक. अर्ज दोन्ही राज्यांच्या महामंडळांनी मिळून केला होता. सीमा तिथं आडवी आली नाही. चपलेला राज्य नसतं, फार तर कर्रकर्र वाजते ती डावी का उजवी एवढंच. तसं देशपातळीवरचं, तुमच्या धंद्याच्या संघटनेचं बघा. तुम्ही म्हणताय तो बिनफीचा तसलाच दिसतोय की.

पण मी थोडं वेगळं सांगते. आमच्या मामंजींनी हस्तकलेच्या पुरस्काराला दोनदा अर्ज केला. तिथं लिहून भागत नाही, वस्तू करून द्यावी लागते. दोन महिने एका जोडावर बसले, त्या काळात बाजाराचं काम बुडालं. घरात सासूबाईंनी बोलणं सोडलं होतं. पुरस्कार नाही मिळाला. ते वरचे काका म्हणतात मेहनत पाण्यात जात नाही, तर जाते कधी कधी. मोठ्या कंपनीत अर्ज भरायला पगारी माणूस असतो. आमच्यात जो अर्ज भरतो तोच चामडं कापतो.

२०२५ च्या जूनमध्ये त्या इटलीच्या प्राडानं मिलानला आपल्यासारख्या चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला, तेव्हा आमच्याकडं महिनाभर फोन वाजत होते. पुरस्कारानं झालं नाही ते भांडणानं केलं. पण फोन आल्यावर पाठवायला आमच्याकडं धड एक फोटो नव्हता, दोन ओळींची माहिती नव्हती. मामंजींच्या त्या जुन्या अर्जाची झेरॉक्स शोधून काढली आणि तीच टाईप करून पाठवत राहिले. आता बघा, पाण्यात गेली म्हणावं का नाही, मलाच ठरवता येत नाही.

*

पॅटर्नवाला_उद्यमबाग

पाच आठवड्यांनी लिहितोय. अर्ज गेला. चौदापैकी अकरा पानं भरली, उरलेल्या तिनात 'लागू नाही'. निकाल कधी ते माहीत नाही.

क्वालिटीवाल्या काकांचं ऐकून आधी मराठीत लिहायला बसलो. शेड बंद झाल्यावर आमच्या जुन्या मिस्त्रींना थांबवून घेतलं, वडिलांच्या वेळचे, आता बासष्टचे. मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवायला लागलो, 'आम्ही अभ्यास करून कोअर प्रिंट वाढवली'. ते ऐकत होते, मग म्हणाले, 'अभ्यास कुठला रे, मी तुला म्हटलं होतं, वीतभर पोराला बोटभर पाट दिलास तर पडणारच.' आणि मला आठवलं. त्यांनीच सांगितलं होतं, आणि मी आधी दुसरंच करून बघितलं होतं, कोअरला चॅपलेटचा, म्हणजे धातूच्या छोट्या आधाराचा, टेका देऊन. ते फसलं. त्यात तीन आठवडे गेले. ते सगळं तसंच लिहिलं, नाव त्यांचं घातलं. इतकी वर्षं ते काम माझं म्हणून सांगत होतो मी.

रिजेक्शनचा आकडाही बदलला. फौंड्रीनं रजिस्टरची पानं दिली तर नऊ नव्हते, आठ पूर्णांक दोन होते. नऊ हा एका वाईट महिन्याचा. साडेतीन मात्र बरोबर, सात महिने तिथंच आहे. कंपनीचं नाव घालू नका म्हणाले, आकडे घाला.

त्यातली दोन पानं काढून आता कोटेशनला जोडतोय. शिरोलीच्या एका फौंड्रीच्या खरेदीवाल्यांनी वाचली. चार वर्षं त्यांना कोटेशन देतोय, कधी रेटशिवाय बोलणं नाही. परवा फोन करून विचारलं, चॅपलेटनं का जमलं नाही? वीस मिनिटं बोललो. काम अजून दिलेलं नाही. रेट जास्त आहे म्हणाले, तो भाग तसाच.

बातमीचं म्हणाल तर मुलानं उत्साहात अर्ज केल्याचीच बातमी एका ठिकाणी पाठवली. बातमीदारअण्णा, तुम्ही नको म्हटलं होतं, मला नंतर कळलं. लागली पण! आमचं नाव चुकलंय आणि पॅटर्न शॉपचं 'पॅटर्न शाळा' झालंय. तीन पालकांचे फोन आले, प्रवेशासाठी.

आता एक अडलंय. अंतिम यादीत आलो तर फोटो लागणार. मिस्त्री तयार नाहीत. म्हणतात, माझं थोबाड कशाला, पॅटर्नचा काढ. पॅटर्न गिऱ्हाइकाचा, तो काढता येत नाही. नुसत्या हातांचा काढला तर चालेल का?

*

निपाणीचा_बातमीदार

पळेल. रंधा हातात असू दे, आणि त्यांना सांगा, फोटोआधी हात धुवू नका.